जुन्या बंबाचा पंप पाणी का उचलत नाही?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर भीषण स्फोट झाले आणि आगीशी झुंजताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. सेवेतून निवृत्त झालेला एखादा जुना बंब चालता करून या निमित्ताने लोकांसमोर आणावा, असे जवानांना वाटणे साहजिकच आहे. पाहणाऱ्यांचे लक्ष पितळी घंटेकडे आणि लाल रंगाकडे आधी जाते. पण पंपाने पाणी उचललेच नाही, तर त्या वाहनाला बंब म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

अशा बंबांवर बहुधा सेंट्रिफ्यूगल पंप असतो. त्यातील इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चाक, वेगाने फिरून पाण्याला केंद्रापासून बाहेर फेकते आणि त्यातून दाब निर्माण होतो. हा दाब आत असलेल्या पदार्थाच्या घनतेवर अवलंबून असतो. पाणी हवेपेक्षा ८०० पटींहून अधिक घन असल्यामुळे, पाण्याने भरलेला असताना ७० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलणारा पंप आत नुसती हवा असेल, तर त्याच वेगाने फिरूनही पाणी जेमतेम ८-९ सेंटीमीटर वर आणू शकतो. म्हणून आधी प्रायमिंग करावे लागते, म्हणजे सक्शन होजमधली (पाणी ओढून घेणाऱ्या नळीतली) हवा वेगळ्या यंत्रणेने काढून टाकावी लागते. काही जुन्या बंबांत त्यासाठी इंजिनाच्या धुराचाच झोत अरुंद नळीतून सोडून हवा खेचून घेतली जाई. हवा गेली की टाकीतले पाणी बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने होजमध्ये चढते. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारे १०.३ मीटर पाणी तोलतो. प्रत्यक्षात घर्षण, पाण्याची वाफ आणि गळती यांमुळे सात-साडेसात मीटरच्या पुढे मजल जात नाही.

गळतीचा शोध हा या दुरुस्तीतला सर्वांत चिकाटीचा भाग असतो. सगळे व्हॉल्व्ह बंद करून, सक्शनच्या तोंडावर झाकण लावून पंपात निर्वात करतात आणि व्हॅक्यूम गेजच्या काट्याकडे पाहत राहतात. काटा घसरू लागला, की हवा कुठूनतरी आत शिरते आहे. मग जोडाजवळ पेटती उदबत्ती धरली, तर धुराची रेघ फटीकडे वळते. (पेट्रोलची टाकी आधी रिकामी करून गाडीपासून दूर ठेवावी, हे निदान अग्निशमन दलाला तरी सांगायला नको!) बरेचदा चोर सापडतो तो इम्पेलर फिरवणाऱ्या दांड्याभोवतीच्या ग्लँड पॅकिंगमध्ये, म्हणजे फट बुजवण्यासाठी नटांनी आवळून बसवलेल्या दोरीसारख्या भरणात. पाण्याचा दाब असताना तिथून थेंब थेंब गळणे अपेक्षितच असते, कारण त्याच थेंबांनी दांडा थंड राहतो. गळती पूर्ण थांबवण्याच्या हट्टाने नट आवळत गेले, तर पॅकिंग जळते आणि दांड्यावर चरे पडतात. जुन्या पॅकिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते, त्यामुळे ते कोरडे खरवडून काढणे टाळावे.

मुंबईत याहून मोठा शत्रू म्हणजे खारे पाणी. बंदरालगतच्या आगीवर समुद्राचे पाणी मारलेल्या पंपात गनमेटलचा (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा) इम्पेलर आणि बिडाचे आवरण यांची एक प्रकारची विद्युतघटमाला तयार होते आणि तीत झिजते ते बीड. ही झीज फसवी असते, कारण लोखंड विरघळून गेले तरी त्यातले ग्रॅफाइट जागेवरच राहते आणि आवरणाचा आकार तसाच दिसतो. चाकूचे टोक मात्र त्यात काळ्या मऊ खडूसारखे रुतते. जस्त निघून गेलेले पितळही असेच दगा देते: त्याच्या पिवळ्या अंगावर तांबूस डाग दिसतात आणि फिटिंग हातोडीच्या हलक्या ठोक्यानेही फुटू शकते.

अशा भागांवर कितीही पॉलिश केले, तरी त्यांच्यावर दाब सोपवता येत नाही. मूळ भाग जपण्याचा मोह मला समजतो, तरीही सच्छिद्र झालेले आवरण फळीवर मांडून ठेवावे आणि गाडीवर त्याच मापाचे नवे ओतून बसवावे, हेच मला योग्य वाटते. फुटक्या आवरणाचा तुकडा उडाला, तर शेजारी उभ्या असलेल्या जवानाला इजा होईल. नव्या पंपाचे प्रात्यक्षिक गोड्या पाण्यावरच घ्यावे, आणि काम संपल्यावर ड्रेन कॉक उघडून आतले पाणी पूर्ण काढून टाकावे.