स्क्रॅम्बल की बेस्ट बॉल? मर्टल बीचला निघण्याआधी ठरवायची गोष्ट

आठ-बारा जणांनी मर्टल बीचला, म्हणजे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, गोल्फ खेळायला जायचं ठरलं की कॉन्डो कुठला घ्यायचा, गाड्या किती न्यायच्या, कुठल्या दिवशी कुठला कोर्स, यावर महिनाभर खल होतो. खेळायचं कसं, हा विषय मात्र पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) उभं राहिल्यावर निघतो. कुणी म्हणतं स्क्रॅम्बल, कुणी म्हणतं बेस्ट बॉल, आणि दोन्ही एकच समजून सगळे माना डोलावतात. दोन्हींत संघ असतो आणि दोन्हींत चांगलं तेवढं घेऊन बाकीचं सोडायचं असतं, म्हणून हा घोळ होतो. पण स्क्रॅम्बलमध्ये निवडायचा असतो चांगला फटका आणि बेस्ट बॉलमध्ये चांगला स्कोअर. एवढ्या फरकाने अख्ख्या दिवसाचा खेळ बदलतो.

एकच होल दोन्ही तऱ्हांनी खेळून पाहू. 380 यार्डांचा, अवघड असा पार 4, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा असा. खेळणाऱ्या चौघांचे हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला जास्त मिळणारी फटक्यांची सूट, 8, 14, 22 आणि 30.

आधी स्क्रॅम्बल. चौघंही टीवरून मारतात. पहिल्याचा चेंडू फेअरवेच्या (छाटलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध, दुसऱ्याचा झाडीत, तिसऱ्याचा पाण्यात, चौथ्याचा जेमतेम शंभर यार्डांवर. अर्थातच पहिल्याची जागा घेतली जाते. बाकीचे आपापले चेंडू सोडून तिथे येतात आणि चौघंही तिथूनच दुसरा फटका मारतात. या वेळी दुसऱ्याचा चेंडू झेंड्यापासून बारा फुटांवर थांबतो. आता पट (ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, चेंडू घरंगळत नेणारा फटका) तिथून. तीन पट चुकतात, तिसऱ्या खेळाडूचा नेमका आत जातो. संघाचे तीन, पारपेक्षा एक कमी, म्हणजे बर्डी. चेंडू पाण्यात घालणाऱ्यानेच ती पुरी केली, आणि या प्रकाराची गंमत हीच आहे.

आता बेस्ट बॉल. इथे बहुधा दोघादोघांच्या जोड्या असतात. नियमांच्या पुस्तकात याला फोरबॉल म्हणतात आणि त्यासाठी 23वा नियम आहे. इथे प्रत्येकाने टीपासून कपापर्यंत स्वतःचाच चेंडू खेळायचा. पहिल्याचा दुसरा फटका बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो, तिसऱ्यात तो बाहेर येतो, दोन पट, पाच. त्याचा जोडीदार म्हणजे आपला चौथा. शंभर यार्डांवरून तो सावकाश पुढे येतो, तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर पोचतो, दोन पट, त्याचेही पाच. पण 30 हँडिकॅपवाल्याला या अवघड होलवर दोन फटक्यांची सूट आहे, पहिल्याला एकाची. म्हणजे पहिल्याचे निव्वळ चार, चौथ्याचे तीन. कार्डावर जोडीच्या नावाने चौथ्याचे तीन लागतात.

ज्यांना वाटतं की नवख्यांसाठी स्क्रॅम्बलच बरा, त्यांनी हा हिशेब जरूर पाहावा. स्क्रॅम्बलमध्ये नवख्यावर दडपण नसतं हे खरं, पण कधीकधी तो दिवसभर दुसऱ्यांच्या चेंडूमागे कार्ट फिरवतो आणि त्याचा पट सोडून एकही फटका कामी येत नाही. म्हणून प्रत्येकाचे निदान दोन-तीन ड्राइव्ह (टीवरचे फटके) वापरलेच पाहिजेत, अशी अट घालण्याची चाल आहे. माझ्या मते या अटीशिवाय स्क्रॅम्बल खेळूच नये.

हँडिकॅपची टक्केवारीही दोन्हींत वेगळी. चौघांच्या स्क्रॅम्बलसाठी जागतिक हँडिकॅप पद्धतीची शिफारस अशी: सर्वांत कमी हँडिकॅपचे 25 टक्के, मग 20, 15 आणि 10, आणि सगळ्यांची बेरीज. आपल्या चौघांचे होतात 11.1, म्हणजे संघाला मिळून 11 फटके. बेस्ट बॉल स्ट्रोक प्लेने, म्हणजे फेरीचे एकूण फटके मोजून, खेळला तर प्रत्येकाला स्वतःच्या हँडिकॅपचे 85 टक्के: 7, 12, 19 आणि 26. जोडीविरुद्ध जोडी मॅच प्ले (होलागणिक हार-जीत) असेल तर 90 टक्के धरायचे, सर्वांत कमीवाल्याला शून्य मानायचं आणि बाकीच्यांना फक्त फरक द्यायचा. हे आकडे घरूनच काढून न्यावेत. स्क्रॅम्बलला पूर्ण हँडिकॅप लावले तर स्कोअर इतके खाली जातात की बक्षिसात कुणालाच रस उरत नाही. आणखी एक, स्क्रॅम्बलची फेरी हँडिकॅपसाठी नोंदवता येत नाही, कारण तुम्ही तुमचा चेंडू खेळलेलाच नसता.

टीव्हीवर पाहून फरक डोक्यात पक्का बसतो. टायगर वुड्स मुलाबरोबर ज्या पीएनसी चॅम्पियनशिपमध्ये खेळला आहे ती दोघांची स्क्रॅम्बल. न्यू ऑर्लीन्सची झुरिच क्लासिक 2017पासून जोड्यांची आहे. तिथे पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी बेस्ट बॉल असतो. दुसऱ्या-चौथ्या दिवशी जोडीत एकच चेंडू आळीपाळीने मारतात, तो प्रकार आणखी निराळा.

मग मर्टल बीचला कधी काय? शार्लटहून गाडीने साडेतीन तास. सकाळी निघून दुपारी टीवर उभे राहिलात तर अंग आखडलेलं असतं, आणि गटात मित्रांचे मित्र असतील तर निम्मे एकमेकांना ओळखतही नाहीत. तो दिवस स्क्रॅम्बलचा, तोही एखाद्या सोप्या, मोकळ्या कोर्सवर. एकाच जागेवरून चौघं मारतात तेव्हा गप्पा आपोआप होतात.

पण ज्या कोर्ससाठी एवढा खर्च करून आलात तिथे स्वतःचाच चेंडू खेळा, असं मी आग्रहाने सांगेन. पॉलीज आयलंडचा कॅलेडोनिया घ्या. माइक स्ट्रँट्झने 1994मध्ये भातशेतीच्या जुन्या मळ्यावर उभा केलेला, मोठमोठ्या ओक झाडांचा कोर्स. त्या ओकखाली अडकून तिथून वाट काढण्यात जी मजा आहे ती स्क्रॅम्बलमध्ये चेंडू उचलला की गेली. ड्यून्स क्लबचा तेरावा होलही तसाच. लेक सिंगलटनला उजवीकडे वळसा घालून जाणारा हा पार 5 ‘वॉटर्लू’ म्हणूनच ओळखला जातो. तळ्याचा किती भाग ओलांडायचा हे दुसऱ्या फटक्याला ठरवावं लागतं. बेस्ट बॉलमध्ये एकाने कडेकडेने सुरक्षित मारायचं आणि तो सुखरूप पोचला की जोडीदाराने पाण्यावरून धाडस करायचं. हा क्लब खासगी आहे, तरी काही हॉटेलांच्या पॅकेजमधून पाहुण्यांना तिथे खेळता येतं, हे बुकिंग करताना विचारून घ्या.

मधल्या दिवसासाठी शँबल आहे. ड्राइव्ह चौघांतला उत्तम घ्यायचा आणि पुढे प्रत्येकाने आपापला चेंडू कपापर्यंत न्यायचा. टीवरूनच ज्यांचा धीर सुटतो त्यांना हा फार मानवतो.

वेळेचं पथ्य मात्र रोज पाळायला हवं. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर हा तिथला भर हंगाम, मागचा गट लगेच येऊन उभा राहतो. बेस्ट बॉलमध्ये जोडीदाराचे चार झाले आणि तुमची सूट धरूनही त्याहून कमी होणं शक्य नसेल, तर चेंडू उचला. स्क्रॅम्बलमध्ये पट आत गेला की उरलेल्यांनी हौस म्हणून मारत बसू नका.