गांजातले औषध आणि फिट: रेणू आधी, उलगडा नंतर

गांजाने आकडी थांबते, हा दावा जुना आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या मद्यार्कातील अर्काचे प्रयोग मांडले. त्यांत सतत झटके येणाऱ्या ४० दिवसांच्या एका मुलीची नोंद आहे. थेंबाथेंबाने अर्क देऊन झटके थांबले, पण ते परत सुरू झाले तेव्हा आधीची मात्रा पुरेना, ती कित्येक पटींनी वाढवावी लागली. शरीर औषधाला सरावते, ही अडचण अशी पहिल्याच नोंदीत दिसते. त्यात एका बाटलीतला अर्क दुसऱ्या बाटलीसारखा नसे. १८५७ पासून ब्रोमाइड आणि १९१२ पासून फेनोबार्बिटल ठरावीक मात्रेत देता येऊ लागल्यावर गांजा मागे पडला, यात नवल नाही.

कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये वेगळे केले. त्याने नशा होत नाही, म्हणून त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. राफाएल मेशूलम यांच्या गटाने १९६३ मध्ये त्याची अचूक रचना ठरवली आणि पुढच्याच वर्षी नशा आणणारे टीएचसी शुद्ध रूपात मिळवले. संशोधनाचा सारा झोत मग टीएचसीवर गेला. ते चेतापेशींच्या टोकांवरील सीबी१ या ग्राहीला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटून संदेशवहन मंदावते. गोम अशी की सीबी१ उत्तेजक पेशींवर असते तसे लगाम घालणाऱ्या पेशींवरही असते. लगामच सैल झाला तर झटका उलट सोपा होतो. म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगांत टीएचसीने कधी झटके थांबले, कधी आले. सीबीडी या ग्राहीच्या मुख्य जागी जेमतेम चिकटते.

ब्राझीलमधील १९८० चा अभ्यास छोटा, पण नेटका होता. औषधांना दाद न देणाऱ्या १५ रुग्णांपैकी ८ जणांना रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम सीबीडी दिले; चौघांचे झटके जवळजवळ थांबले, तिघांना काही प्रमाणात उतार पडला. नुसत्या दिखाऊ गोळीवरच्या सातांपैकी एकालाच फरक जाणवला. तरीही पुढची तीस वर्षे फारसे काही हलले नाही. २०१३ मध्ये कोलोरॅडोतील ड्रॅव्हे सिंड्रोम (तान्ह्या वयात सुरू होणारा फिटचा गंभीर आजार) असलेल्या एका लहान मुलीची हकिकत टीव्हीवर आली, तेव्हा पालकांचा रेटा सुरू झाला. ब्रिटनच्या जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्सकडे शुद्ध सीबीडी होतेच. ड्रॅव्हेच्या १२० रुग्णांच्या चाचणीत (२०१७) औषध घेणाऱ्यांचे महिन्याचे मध्यक झटके १२.४ वरून ५.९ वर आले. दिखाऊ औषधावर १४.९ चे १४.१ झाले. अमेरिकेत ‘एपिडिओलेक्स’ या नावाने त्याला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

ते पेशीत नेमके काय करते, याची उकल मात्र मागाहून येत राहिली. सर्वांत भक्कम धागा जीपीआर५५ या ग्राहीचा आहे. चेतापेशी जोरात पेटली की एलपीआय नावाचा स्निग्ध रेणू तयार होतो. तो उत्तेजक टोकांवरील जीपीआर५५ ला चिकटला की पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते आणि पेशींना चेतवणारे ग्लुटामेट जास्त बाहेर पडते. काही वेळाने तोच एलपीआय पलीकडच्या पेशीवरील, शांत करणारा संदेश टिपणाऱ्या गाबा ग्राहींचे पुंजके विस्कटतो. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि ब्रेकही ढिला होतो. उंदरांवरच्या २०२३ च्या कामात सीबीडी ही साखळी जीपीआर५५ पाशीच तोडते असे दिसले. याखेरीज ते टीआरपीव्ही१ ही कॅल्शियमची वाट बधिर करते आणि ॲडेनोसिन पेशीत परत ओढणारा वाहक अडवते. बाहेर उरलेले ॲडेनोसिन पेशींना शांत करते. माणसांत यांतला कोणाचा वाटा किती, हे अजून ठरायचे आहे.

ड्रॅव्हेत हे का महत्त्वाचे? तिथे बहुतेकदा एससीएन१ए जनुकात दोष असतो आणि लगाम घालणाऱ्या पेशींच्या सोडियम वाहिन्याच कमजोर पडतात. कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन ही फिटची नेहमीची औषधे त्या आणखी दाबतात, आणि झटके वाढतात. सीबीडीच्या वर सांगितलेल्या वाटा या वाहिन्यांतून जात नाहीत.

मात्रा वजनावर ठरते. द्रावणात मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम सीबीडी असते. २० किलोच्या मुलाला पहिला आठवडा दिवसातून दोनदा अर्धा मिलिलिटर, मग दोनदा एक; ड्रॅव्हेत कमाल दोनदा दोन मिलिलिटर. भरपूर तूपतेलाच्या जेवणासोबत घेतले तर रक्तात चौपट-पाचपट पोचते. म्हणून रोज एकाच पद्धतीने द्यावे: एक दिवस उपाशीपोटी, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, असे नाही. सोबत क्लोबाझम हे फिटचे दुसरे औषध चालू असेल तर सीबीडी यकृतातले सीवायपी२सी१९ विकर अडवते, क्लोबाझमचा सक्रिय अंश रक्तात सुमारे तिप्पट होतो आणि मूल दिवसभर पेंगते. तेव्हा सहसा क्लोबाझम कमी करावे लागते. व्हाल्प्रोएट या फिटच्याच आणखी एका औषधासोबत रक्तातली यकृताची विकरे चढतात. यकृताची तपासणी सुरू करण्यापूर्वी, मग एक, तीन आणि सहा महिन्यांनी करतात.

भारतात १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याने फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. शेंड्यांशिवायची पाने व बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. दुकानात मिळणारे बियांचे तेल त्यामुळेच कायद्यात बसते, पण बीमध्ये सीबीडी जवळपास नसतेच. फिटवर त्याचा उपयोग नाही.