प्लँचेटची वाटी कोण सरकवतं?

प्लँचेट म्हणजे अक्षरं लिहिलेल्या कागदावरच्या वाटीवर बोटं टेकवून आत्म्याला प्रश्न विचारणं. त्याला बसलेली माणसं "मी ढकललं नाही" असं सांगतात तेव्हा बहुतेक जण खरंच बोलत असतात. म्हणून त्यांना खोटारडं ठरवून हा विषय संपत नाही.

अक्षरांचा तयार पट, म्हणजे ओईजा बोर्ड, अमेरिकेत बाल्टिमोरच्या केनार्ड कंपनीने खेळ म्हणून बाजारात आणला. १० फेब्रुवारी १८९१ रोजी एलायजा बाँड यांच्या नावे त्याचं पेटंट झालं. पण त्यामागचं कोडं त्याआधी ३८ वर्षं सुटलेलं होतं!

१८५३ साली लंडनमध्ये लोक टेबलाभोवती बसत, हात टेकवत आणि टेबल फिरू लागे. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेंनी हातांखाली गुळगुळीत पुठ्ठ्यांची चळत ठेवली. पुठ्ठ्यांमध्ये मऊ, चिकट लुकणाच्या गोळ्या होत्या, म्हणजे जोर लागला तर थर सावकाश घसरतील. टेबल आधी हललं असतं, तर खालचा पुठ्ठा पुढे जाऊन वरचे मागे रेंगाळले असते. झालं उलट. वरचे पुठ्ठे पुढे गेले होते, म्हणजे हात टेबलाच्या आधी निघाले होते. मग त्यांनी गवताच्या काडीचा काटा जोडला, जो हाताचा बारीकसा रेटाही मोठा करून दाखवी. काटा दिसू लागताच टेबल थांबलं.

शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच या क्रियेला 'आयडिओमोटर' म्हटलं होतं. अपेक्षेनेच स्नायू किंचित आकुंचन पावतात आणि त्याची जाणीव होत नाही. वाटीवर तीन-चार बोटं असतात. हे छोटे रेटे एकत्र येऊन स्थिर घर्षणावर मात करतात. वाटी सुटली की गतिज घर्षण कमी असल्याने ती सरसर जाते. बोट नुसतं वाटीच्या मागोमाग जातंय असं प्रत्येकाला वाटतं.

'आत्मा अंगात शिरतो' या भीतीला १९७३ च्या 'दि एक्झॉर्सिस्ट' चित्रपटाने मोठं बळ दिलं. त्याआधी हा पट घरगुती खेळ म्हणून खपत होता. अपाय होतो तो घाबरण्याचा. मृताच्या नावाने आलेलं उत्तर शोकातल्या माणसाची झोप उडवू शकतं, आणि त्यावर मांत्रिकाकडे नेणं हा अघोरी उपाय आहे.

पडताळा घ्यायचा तर सगळ्यांचे डोळे बांधा, न सांगता अक्षरांचा कागद १८०° फिरवा आणि अक्षरं त्रयस्थाला टिपू द्या. वाटी अक्षरांच्या जुन्या जागांकडे जाते, शब्द जुळत नाहीत. तरीही जुळले, तर पट्टीखालून नाकाच्या कडेने दिसतंय का ते तपासा. हनुवटीखाली आडवा पुठ्ठा धरला की ती फट बंद होते.