कॉलेजचं जुनं रेकॉर्ड हवंय? आधी कुणाकडे मागायचं ते ठरवा

'आजोबांच्या काळातील सर्व माहिती मिळावी' असं लिहिलेला अर्ज हमखास परत येतो. वार्षिक अंक, स्नेहसंमेलनाचे फोटो मिळाले तर ग्रंथालयात, प्रवेशाची नोंद ऑफिसातल्या जनरल रजिस्टरात, निकाल विद्यापीठाकडे. प्रत्येकासाठी वेगळा अर्ज करा.

सगळ्यात जास्त गोंधळ विद्यापीठाचा. शिवाजी विद्यापीठ 1962 चं. सांगलीचं विलिंग्डन मात्र 1919 पासून आहे, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 पासून. तेव्हा 1955 ची पदवी पुणे विद्यापीठाची, 1940 ची मुंबईची. कोल्हापूरहून 'नोंद आढळून येत नाही' असं उत्तर आलं म्हणून रेकॉर्ड गेलं असं समजू नका.

अर्ज प्राचार्यांच्या नावे. सोबत ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मग विचारतात, 'रजिस्टर नंबर काय?' तो कुणाकडेच नसतो. घरात जुना दाखला असेल तर त्यावर शोधा. नसेल तर प्रवेशाचं वर्ष, वर्ग, मूळ गाव आणि पूर्ण नाव द्या. आजीची नोंद हवी असेल तर माहेरचं नाव लिहा. सासरच्या नावाने जन्मात सापडायची नाही. पुरावा म्हणून लग्नाचा दाखला मागतात. त्या पिढीतल्या किती जणींकडे तो असणार? माहेरच्या नावाचा मिळेल तो जुना कागद जोडा.

दाद लागली नाही तर माहिती अधिकार. अनुदानित कॉलेजला तो लागू होतो. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, विचारलं तरी. 'ही खासगी माहिती आहे' म्हणाले, तर कलम 8(3) दाखवा: 20 वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती या कारणाने अडवता येत नाही. मात्र कागदच शिल्लक नसेल तर कायदा तो निर्माण करून देत नाही.

मुदतीत बरेच जण फसतात. 30 दिवस मोजायचे ते अर्ज ऑफिसला मिळाल्यापासून, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नव्हे. तोवर उत्तर आलं नाही तर तो नकारच धरतात, आणि तिथून पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं. 'साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या' ऐकत नेमके हेच दिवस निघून जातात.

वार्षिक अंक हाती आला तर झेरॉक्सचा हट्ट नको, शिलाई सुटते. मोबाईलवर फोटो काढायची परवानगी मागा.