बेसाल्टच्या जमिनीवरील कौटुंबिक वायनरी (नाशिक)

नाशिक जिल्ह्यात शेतकरी कुटुंबाने स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांपासून स्वतःच वाइन तयार करण्याचा लघुउद्योग. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आल्यावर अशा वायनऱ्या वाढल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन २०१० मध्ये मिळाले.

येथील खडक दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजून सखल भागात खोल काळी आणि उतारावर उथळ, मुरमाड जमीन झाली. ज्वालामुखीची माती म्हणजे उत्तम वाइन असे म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. काळ्या जमिनीत वेल माजतो, घडावर पाल्याची सावली पडते, मणी फुगतात आणि रंग चढत नाही. वाइनसाठी मुरमाड उतारच बरा. चुनखडीच्या जमिनीत लोह वेलीला लागत नाही: शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे नुसते फेरस सल्फेट जमिनीत टाकले तर ते लगेच बांधले जाते. ठिबकमधून चिलेटेड लोह (जमिनीत बांधले न जाणाऱ्या संयुगातले) द्यावे लागते.

खुंटाची (ज्या मुळाच्या रोपावर वेलीचे कलम करतात त्याची) निवड चुकली की पुढे सगळेच अवघड. खाण्याच्या द्राक्षांत रुळलेला डॉगरिज खुंट वाढ जोमदार देतो, पण पालाशही (पोटॅशियम) भरपूर उचलतो. त्यामुळे रसाचा सामू (पीएच) चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. म्हणून वाइनसाठी ११०-आर हा खुंट अधिक पसंत केला जातो.

थंडीत वेल पूर्ण विश्रांती घेत नाही, म्हणून छाटण्या दोन आणि पीक एक. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) नवी काडी तयार होते; तिच्या डोळ्यांत घडाची बीजे पुढच्या ४०–६० दिवसांत धरतात. या काळात ढगाळ हवा टिकली किंवा फुटींची गर्दी झाली तर घड कमी मिळतात. सप्टेंबरअखेर–ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे पिकासाठीची छाटणी, करतात आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन विषारी आहे, हातमोजे हवेतच. छाटणीनंतर पाऊस आला तर कोवळ्या फुटीवर डाऊनी, आणि पुढे थंड कोरड्या दिवसांत भुरी, हे बुरशीचे रोग येतात. तोडणी जानेवारी ते मार्च, साखर २२ ते २४ ब्रिक्स (रसातील साखरेची साधारण टक्केवारी) झाल्यावर.

घड पहाटे तोडून उन्हाआधी वायनरीत आणतात. मळा आणि टाकी एकाच आवारात असण्याचा कौटुंबिक वायनरीला खरा फायदा इथे होतो. शेनिन ब्लाँ, सोव्हिनिओं ब्लाँ या पांढऱ्या जातींचा रस लगेच दाबून काढतात, थंड करून गाळ बसू देतात आणि १४–१६ अंशांवर आंबवतात. शिराझ, कॅबर्ने सोव्हिनिओं या लाल वाइनच्या जाती सालीसकट २५–२८ अंशांवर आंबवतात. वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर तो वाळून आंबट होतो. टनभर द्राक्षांतून ६००–७०० लिटर वाइन निघते. व्हाइट वाइन निवळण्यासाठी टाकतात ती बेंटोनाइट माती बहुधा ज्वालामुखीच्या राखेपासूनच बनलेली असते.

कुजक्या अंड्यासारखा वास आला तर बहुधा यीस्टला नत्र कमी पडलेले असते. आंबवणीच्या सुरुवातीलाच डायअमोनियम फॉस्फेट देऊन आणि रस हवेशीर करून तो आवरता येतो. त्याहून मोठी अडचण सामूची. ३.४ सामूला जेवढा मुक्त सल्फर डायऑक्साइड (वाइन खराब होऊ नये म्हणून घालतात तो) वाइन राखतो, त्याच्या सुमारे अडीचपट ३.८ला लागतो. त्यामुळे टार्टारिक आम्ल आंबवणीआधीच घालतात. नंतर घातलेले चवीत सुटे जाणवते. चिलर बंद पडला आणि रस ३५ अंशांवर गेला तर यीस्ट मरते, साखर तशीच राहते, आणि अर्धवट आंबलेल्या टाकीत जिवाणू वाढून ती व्हिनेगरकडे झुकते. वीज जाण्याचा नेम नसलेल्या गावात जनरेटर घ्यायचा तो ओकच्या पिंपाआधी.