जास्त दुखलं की दात लवकर सरकतात?

‘तार जितकी घट्ट, दात तितके लवकर सरळ’ असं सांगून, वाकडे दात सरळ करायला तार लावलेल्या मुलांना दुखणं मुकाट सोसायला लावतात. हे चूक आहे. दात सरकतो तो हलक्या, सततच्या दाबाने. दाब जास्त झाला, की मुळाभोवतीच्या तंतूंचा रक्तपुरवठा दबतो आणि दात उलट अडून बसतो.

तार आवळल्यावर दोन-तीन दिवस ठणकणं साहजिक; तेवढे दिवस मऊ खिचडी द्या. गाल सोलत असेल तर ब्रॅकेट (तार धरणारा, दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) कोरडं करून त्यावर वाटाण्याएवढं दातांच्या तारेसाठीचं मेण दाबून बसवा. ओल्यावर ते टिकत नाही. आपलं सांगलीचं भडंग मात्र बंदच, मूल कितीही रुसलं तरी: शेंगदाण्याने ब्रॅकेट निखळतं आणि त्या दाताचं काम थांबतं. आठवड्यानंतरही दुखत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.