मुरड घातलेली रिंग

पावसाळ्यात मुंबईतली एखादी साठीच्या दशकातली गाडी पाहा. वेग दाखवणाऱ्या मीटरच्या काचेला दव धरलेलं असतं, आणि ते आतून. फडकं कितीही फिरवा, उपयोग नाही. काच काढायची तर तिच्याभोवतीची चकचकीत रिंग निघायला हवी, आणि त्या रिंगला ना स्क्रू, ना आटे. मीटर डॅशबोर्डातून सोडवून उलटा केला की उलगडा होतो: रिंगची मागची कड डब्याच्या ओठावर गोल फिरून दाबून बसवलेली आहे. कारखान्याच्या भाषेत हे क्रिम्पिंग. आपल्या घरात दिवाळीला करंजीला मुरड घालतात, तीच ही गोष्ट, फक्त पत्र्याची. आणि मुरड घातलेली करंजी न फोडता उघडून दाखवा म्हटलं तर काय होईल, ते सांगायला नको.

सुरुवातीला असं नव्हतं. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये चुंबकी ओढीवर चालणाऱ्या वेगमापकाचं पेटंट घेतलं. गिअरबॉक्सकडून आलेली केबल आतला चुंबक फिरवते, चुंबक धातूच्या हलक्या वाटीला आपल्यामागे ओढतो, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला परत खेचते. या रस्सीखेचीत काटा जिथे थांबेल तो वेग. इलेक्ट्रॉनिक मीटर येईपर्यंत जगातल्या बहुतेक गाड्या याच युक्तीवर धावल्या.

हे नाजूक काम सुरुवातीला ज्यांच्या हाती गेलं त्यांत घड्याळजी होते. लंडनची स्मिथ्स ही मुळात घड्याळांची आणि दागिन्यांची पेढी. त्यामुळे जुन्या मीटरवर घड्याळजीचे संस्कार दिसतात: पितळी डबा, आट्यांची रिंग. यंत्र कधीतरी उघडावं लागणार, साफ करून तेलाचा थेंब द्यावा लागणार, हे बनवणाऱ्याने धरूनच ठेवलेलं. ब्रिटिश मोटारसायकलींवरचे स्मिथ्सचे ‘क्रोनोमेट्रिक’, म्हणजे चुंबकाऐवजी घड्याळासारख्या यंत्रणेवर चालणारे मीटर साठीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आट्यांच्या रिंगचेच होते. ब्रिटिश मोटारगाड्यांत मधला मार्ग निघाला. रिंगच्या आत छोट्या जिभा, डब्याच्या कडेला खाचा; रिंग थोडी फिरवली, जिभा खाचांसमोर आल्या, की रिंग हातात. एमजी, ट्रायम्फवाल्यांचं नशीब थोर ते इथे. गंज धरला असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवायचं, एवढंच.

मग मुरड का आली? एक म्हणजे पैसा. आटे पाडायला लेथ लागतो, कारागीर लागतो, वेळ लागतो. पातळ पत्र्याची रिंग प्रेसमध्ये एका ठोक्यात तयार होते आणि दुसऱ्या यंत्रावर क्षणात मुडपली जाते. दुसरं, काच आणि रबरी गास्केट चहूबाजूंनी सारख्या दाबात राहतात, धूळ आत जात नाही. आणि तिसरं, जे कंपन्या जाहिरातीत सांगत नसत: बंद डबा म्हणजे बिघडला की नवा घ्या. फ्रँकफर्टच्या व्हीडीओ कंपनीने फोक्सवॅगन बीटल आणि पोर्शेसाठी केलेले मीटर या घराण्यातले. क्रोनोमेट्रिकच्या जागी आलेल्या स्मिथ्सच्या चुंबकी मीटरनाही हीच मुरड मिळाली.

‘नवा घ्या’ हे मुंबईत चालण्यासारखं नव्हतं. गाड्या मात्र इथे सगळ्या देशांच्या आल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात, महिंद्रांच्या जीपची जोडणी माझगावात. बंदरात उतरलेल्या ऑस्टिन, मॉरिस, मर्सिडीज वेगळ्याच. म्हणजे अमेरिकी, इंग्रजी, जर्मन आणि इटालियन मीटर एकाच शहरात. पन्नाशीच्या दशकात सरकारने निव्वळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना दार बंद केलं, आयातीला परवाना लागू लागला, आणि एका मीटरसाठी कागदांची चळत घेऊन हिंडायला कुणाला वेळ होता? ऑपेरा हाउसचा सुट्या भागांचा बाजार, कुर्ल्याच्या भंगारातल्या गाड्या, चोरबाजार, आणि तिथेही नाही मिळालं तर आहे तोच मीटर उघडायचा. (प्रीमियरच्या पद्मिनीला यातून सूट. तिचा मीटर आडवा, लांबट. तिथे गोल रिंगचा प्रश्नच नाही.)

मुरड उघडणं हे खरं तर धातूच्या स्वभावाशी केलेलं बोलणं आहे, आणि तो स्वभाव तांबटांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तांब्याचं भांडं थंड असताना ठोकून मठारलं की कडक होतं. म्हणून तर हंडा पोचत नाही. पण हेच कडक होणं रिंगच्या मुळावर येतं. कड एकदा मुडपली तेव्हा थोडी कडक झाली, उघडताना आणखी, परत मुडपताना त्याहून. तिसऱ्या वेळेला बारीक चीर पडते. मठारलेलं भांडं तापवून पुन्हा नरम करता येतं. क्रोम चढवलेली रिंग तापवली तर क्रोमच जाईल, म्हणून तो रस्ता बंद.

त्यामुळे जाणता कारागीर घाई करत नाही. मीटर फडक्यावर पालथा, धार मारून बोथट केलेला लहान स्क्रूड्रायव्हर, आणि कड एका जागी केसभर उचलायची, की लगेच पुढची जागा. पूर्ण फेरी झाली की दुसरी फेरी. एकाच ठिकाणी सरळ उभी करायला गेलं की तिथे कोपरा पडतो आणि तो कधीच जात नाही. पितळ बरंच सोसतं, ॲल्युमिनियम फाटतं. पोलादी रिंगची कड टिकते, पण तिच्यावरचं क्रोम तडकतं, आणि मुंबईची खारी हवा पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या तड्यात गंज पेरते. आणखी एक पथ्य: उघड्या मीटरजवळ कानस चालवायची नाही. आत चुंबक बसला आहे. लोखंडाचा कीस तो मिटक्या मारत गिळतो आणि मग काटा अडखळतो.

बसवताना गास्केट नवं. जुनं रबर दगड झालेलं असतं आणि दाब विषम पडून काच तडकते. काच खाली, वरून सारखा दाब, आणि कड गुळगुळीत दांड्याने घासत आत वळवायची. चाकाचे नट आवळतो तसं समोरासमोर: बाराच्या जागी थोडी, मग सहाच्या, तीन, नऊ. हातोडी वापरणारे असतात. त्यांनी केलेली रिंग पाठीमागून बोरासारखी सुरकुतलेली दिसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या किंवा त्याआधीच्या तबकडीला मात्र हात लावण्यापूर्वी थांबावं. अंधारात दिसावेत म्हणून तेव्हा काटे-आकडे रेडियमच्या रंगाने रंगवत. आज ते चमकत नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये. विझलेला असतो तो रंगातला झिंक सल्फाइड. रेडियमला निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. तो भुगा श्वासात जाऊ नये म्हणून ती मुरड जशी आहे तशीच राहिलेली बरी.

मुरडीचा एक उपयोग तिच्या जन्मदात्यांनीही बहुधा इतका धरला नसेल. गाडी विकण्याआधी किलोमीटर मागे फिरवायला रिंग उघडली, तर उघडल्याची खूण कडेवर राहते. त्यामुळे जुनी गाडी घेणारा पोचलेला माणूस इंजिनाच्या आधी मीटर काढायला लावतो. अर्थात खूण म्हणजे लबाडी असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कितीतरी गाड्या डॅशबोर्डापर्यंत बुडाल्या. अशा मीटरमधला गाळ रिंग न उघडता निघत नाही.

२०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. मूळपणाला असा सरकारी शिक्का मिळाला आणि जुन्या मीटरचा भाव वधारला. आता परदेशातून कड न मुडपलेल्या कोऱ्या रिंगा मागवता येतात, म्हणजे चीर गेलेली रिंग फेकून नवी चढवता येते. तरी शौकिनांचा ओढा जुन्याच रिंगकडे. तिची पाठ उजेडात तिरपी धरायची, ओरखडे पाहायचे, आणि हा डबा आजवर किती जणांनी उघडला ते मोजायचं.